टाचणहोकार

आमच्या घरात एक शब्द आहे, तो कुठल्याच शब्दकोशात सापडायचा नाही: टाचणहोकार. माणूस 'नाही' म्हणाला नाही, म्हणजे तो 'हो' म्हणाला असं परस्पर धरून चालायचं, ते टाचणहोकार.

शब्दाचं मूळ आत्यात आहे. आत्या कपडे शिवते. कापड गिऱ्हाइकाच्या अंगावर बसवताना टाचण्या ओठांत धरून ठेवते. त्या वेळी तिला काहीही विचारा, उत्तर एकच येतं, "हं." आमची मंडळी महा बिलंदर. तिची सायकल हवी, रेडिओ हवा, पाहुण्यांसाठी गादी हवी, की हे सगळे टाचण्यांची वेळ गाठायचे. "विचारलं होतं की तिला," असं वर साळसूदपणे सांगायचे. शब्द काढला दादाने आणि त्याचा त्याला भारी अभिमान.

दादाचं लग्न ठरलं. एका दुपारी आत्या गुडघ्यांवर बसून कुणाच्या तरी झग्याची खालची घडी टाचत होती, तेवढ्यात हा दारात.

"आत्या, लग्नानंतर पुढची खोली आम्ही दोघं घेतो. तुझं मशीन मागच्या खोलीत हलवू. चालेल ना?"

"हं."

स्वारी शीळ घालत रंगाऱ्याला सांगायला गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मोठी खिडकी पुढच्याच खोलीला आहे. मागे भरदुपारी दिवा लावावा लागतो. तिथे काळ्या कापडावरचा काळा दोरा आत्याला दिसलाच नसता, आणि शिवण सुटलं तर ती दिवसभर करणार काय?

"तू बोलत का नाहीस गं?" मी विचारलं.

"त्याचा कोट अंगावर घालून बघायचाय," ती म्हणाली. "रविवारी पाठव त्याला."

रविवारी दादा हात पसरून स्टुलावर उभा राहिला. आत्याच्या ओठांतली एकेक टाचणी कोटात गेली. बगल झाली, कंबर झाली, पाठ झाली. तोंड रिकामं झाल्यावर ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली.

"हलू नकोस हं, टोचेल. मी काय म्हणते, ही खोली माझ्याकडेच राहील. मागची रंगवून तुम्ही घ्या. रात्री झोपायला उजेड कशाला लागतो? चालेल ना?"

"पण आत्या, तू तर त्या दिवशी हं..."

"माझ्या तोंडात टाचण्या होत्या. कानात नव्हत्या."

वाद घालायला दादाने छाती भरून श्वास घेतला आणि बरगडीपाशी टोचल्याबरोबर तो अर्ध्यावरच थांबवला. मला हसू आवरेना. स्टुलावरून उतरायची सोय नव्हती आणि आत्याला कसलीच घाई नव्हती.

"हं," शेवटी तो म्हणाला.

आत्याने कोट अलगद उतरवून घेतला. "ह्याला काय म्हणता रे तुम्ही? काहीतरी शब्द आहे ना तुझा?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"टाचणहोकार," तो पुटपुटला.

"चांगला आहे शब्द," आत्या म्हणाली, आणि तिने मशीन खिडकीच्या आणखी जवळ सरकवलं.