फ्लेक्ससाठी फोटो

सोडत निघाली आणि आमचा गण पुन्हा बाईसाठी राखीव झाला. गण म्हणजे पंचायत समितीची एक जागा, राजूरच्या अलीकडची पाच-सहा गावं मिळून. पूर्वी इथून पुंजाराम निवडून यायचे. पहिल्यांदा जागा राखीव पडली तेव्हा त्यांनी बायकोला, चतुराबाईला उभं केलं. फ्लेक्सवर पुंजाराम छातीपर्यंत, चतुराबाई पोस्टाच्या तिकिटाएवढी. निवडून ती आली, मीटिंगला ते जायचे. एकदाच त्यांना ताप होता म्हणून ती एकटी जीपनं भोकरदनला गेली, आमच्या गल्लीतल्या हापशाचा विषय काढला आणि मंजुरी घेऊनच उठली. तो हापसा अजून चालतो.

पुढं जागा दुसऱ्यांकडं गेली. मग निवडणुकाच रखडल्या, आणि त्यात पुंजारामही गेले. मुलगा कल्याण जालन्यात नोकरीला, सून शालू तिकडंच. मतदार यादीत तेवढं तिचं नाव इथलं. घरात चतुराबाई आणि टीव्ही.

सोडतीनंतर ती माझ्याकडं प्लास्टिकच्या खुर्च्या मागायला आली.

"पाव्हणे येनारेत का?"

"येतीलच की. बाई पाहिजे न्हाई का त्यांला?" मग खुर्चीची धूळ झटकत म्हणाली, "औंदा मीटिंगला मीच जाईन."

खुर्च्या तिच्या ओसरीत रिकाम्याच. ती रोज पुसायची.

शेवटी पार्टीचे अप्पाराव आले. तिनं मला चहा करायला हाक मारली. मी चहा घेऊन बाहेर आले तर ती नव्या चष्म्यात, भिंतीवरच्या पुंजारामांसमोर ताठ बसलेली.

"वैनी, एक काम होतं."

"बोला की."

"भाऊंचा फोटो पाहिजे फ्लेक्सला. शालूला उभं करून राह्यलो. भाऊंच्या नावावर अजून मतं पडतेत."

"कल्याणला इचारलं?"

"त्यानंच तर सांगितलं, चांगला फोटो आईकडं हाये म्हनून."

चहावर साय धरली तरी तिनं कप उचलला नाही.

"फोटो भिंतीवरून निघनार न्हाई," ती म्हणाली. "मोबाईलमधी काढून घ्या."

अप्पारावांनी मोबाईल धरला, परत खाली केला. "वैनी, जरा बाजूला व्हा. काचेत तुम्ही येऊन राह्यल्या."

"येऊ द्या."

"आवं, फ्लेक्सवर बराबर दिसनार न्हाई."

"मंग तुम्ही सरका."

सरकले बिचारे. एक पाय उंबऱ्याबाहेर टाकून, तिरपे होऊन काढला.

फ्लेक्स लागला हापशाच्या समोरच. शालू हात जोडून, आणि वर पुंजाराम, एका अंगाला कललेले. चतुराबाई कळशी भरेपर्यंत बघत राहिली.

"मान अवघडंल त्यांची," म्हणाली.

संध्याकाळी तिनं खुर्च्या परत आणल्या, पुसून. एक तरी राहू दे, मी म्हटलं.

"कोन येतंय बसायला," ती म्हणाली, आणि सगळ्या एकात एक ठेवून गेली.