विंगेतून आलेला शब्द

एक जुनी शोकांतिका शिकवताना ती दरवर्षी वर्गात एक किस्सा सांगायची. मुलं पोट धरून हसायची, आणि हसलेल्या मुलांच्या गळी पुढचा कठीण भाग उतरवणं सोपं जायचं.

नाटकातला किल्लेदार महत्त्वाकांक्षी. लढाई हरलेला, जखमी राजा संध्याकाळी किल्ल्याच्या दरवाज्याशी येऊन हाक मारतो. किल्ली किल्लेदाराच्या हातात असते. तो राजाला मारत नाही, शत्रूला फितूर होत नाही. फक्त ओ देत नाही. राजा बाहेर रक्त वाहून मरतो आणि किल्लेदार सिंहासनावर बसतो. मग उरलेलं सगळं नाटक तो त्या न दिलेल्या 'ओ'खाली चिरडत जातो. हाक ऐकल्यावर नट किल्ली हातात धरून बराच वेळ गप्प उभा राहतो आणि शेवटी एवढंच म्हणतो, "वारा असेल."

किस्सा या जागेचा. एका रंगलेल्या प्रयोगात नट असाच गप्प उभा होता, लोक श्वास रोखून बसले होते, आणि विंगेतल्या प्रॉम्प्टरला वाटलं, गडी विसरला. त्याने आतून खणखणीत शब्द फेकला, "वारा असेल!" सगळं प्रेक्षागृह खो खो हसलं. किल्लेदाराचं पाप राहिलं बाजूला.

तो प्रॉम्प्टर म्हणजे आपले वडील, हे मात्र ती वर्गात सांगत नसे.

वडील जाऊन बारा दिवस झाले होते. नाट्यसंस्थेच्या चिटणिसांचा फोन आला. "रविवारी सकाळी नाट्यगृहात शोकसभा ठेवलीय. राजे बोलणार आहेत. आणि 'वारा असेल' तर हवंच, काय? तुमच्या बाबांनाही फार आवडायचा तो किस्सा."

ती "हो" म्हणाली आणि फोन ठेवला. बाबा त्या किस्स्याला हसायचे खरे. पण सगळे हसल्यानंतर, थोडे मागाहून. हे तिच्या लक्षात यायला बाबा जावे लागले.

निदान त्या दिवशी तरी तो किस्सा नको, एवढं सांगायला ती राजांकडे निघाली. किल्लेदाराचं काम करून करून किस्स्यातल्या त्या नटाला सगळे राजेच म्हणत. आई म्हणाली, "थांब, मीपण येते," आणि चपला घालून तिच्याआधी दारात उभी राहिली.

राजे खिडकीपाशी बसले होते, स्वेटरची बटणं एक घर चुकवून लावलेली. चहा त्यांनी स्वतःच केला. अर्धा बशीत सांडला. "वहिनी, साखर विसरलो असेन तर सांगा. हल्ली काही धरवत नाही डोक्यात."

"विसरलाय," आई म्हणाली. "राहू दे. मला चालतो."

लेकीने विषय काढला. "राजे, एक विनंती होती. परवा तो किस्सा नको."

राजांनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, "तो किस्साच नाहीये, पोरी. मी खरंच विसरलो होतो."

त्यांनी बशीत सांडलेला चहा पुन्हा कपात ओतला.

"डोकं एकदम कोरं. त्याने दोनदा हळू शब्द दिला, मला ऐकूच येईना. तिसऱ्यांदा मोठ्याने दिला, म्हणून मी वाचलो. पडदा पडला आणि कंपनीचे मालक त्याच्या अंगावर धावून आले. 'अरे, नटाचा विराम कळत नाही तुला?' मी तिथेच उभा होतो, मिशी सोडवत. 'मी विसरलो,' एवढं म्हणायचं होतं. दुसऱ्या दिवशी मोठ्या संस्थेची माणसं मला बघायला यायची होती."

"मग?"

"मग काय? मिशी फार घट्ट बसली होती असं दाखवलं."

'किल्लेदाराची महत्त्वाकांक्षा अमर्याद आहे.' वीस वर्षं ती हे वाक्य फळ्यावर लिहीत आली होती. समोरच्या माणसात अमर्याद असं काही दिसत नव्हतं. एक संध्याकाळ सांभाळून न्यावी, एवढीच त्याची हाव होती. बाकीचं सगळं गप्प राहण्याने आपोआप घडलं होतं. तिला त्याची दया आली. "जाऊ दे, राजे," ती म्हणाली, "बाबांनी कधी मनात—"

आईने कप खाली ठेवला. "जाऊ कसं दे?"

"आई..."

"यांनी घरी येताच मला सांगितलं होतं. म्हणाले, त्याचं सगळं आयुष्य पुढे आहे, झाकली मूठ राहू दे. मी म्हटलं, मूठ त्याची, पण बोटं आपली चेंगरतायत! विंगेतून उठवून तिकीटखिडकीवर बसवलं यांना. पुढे खिडकीही गेली. अकरा वर्षं मी प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुतल्या, राजे. तुमचे मिस्टर म्हणजे देवमाणूस, म्हणायचे शेजारी. देवमाणसाच्या घरात राबायला एक साधं माणूस लागतं, ते नाही कुणी म्हणायचं."

"आई, अगं त्यांचं वय—"

"तू तर बोलूच नकोस. तू तो किस्सा वर्गात सांगतेस. तुझा एक विद्यार्थी औषधाच्या दुकानात असतो. त्याने हसत हसत मलाच ऐकवला."

बाबांना हे कळलं होतं का, हे विचारायचं धैर्य लेकीला झालं नाही.

"वहिनी, रविवारी सांगतो मी," राजे म्हणाले.

"सांगा. पण पाठ करून नका येऊ. नाटकी वाटेल."

राजे हसले. "आता कुठलं पाठ होतंय!"

रविवारी नाट्यगृह बऱ्यापैकी भरलं होतं. राजांना आधार देऊन मंचावर नेलं. माइक ऐन वेळी बंद पडला, तर त्यांनी तो हाताने बाजूला सारला. "तो किस्सा खोटा आहे," ते म्हणाले. "मी विसरलो होतो. त्याचं बरोबर होतं. मी गप्प बसलो." आणि खुर्चीत बसले.

टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना. चिटणिसांनी हातातला कागद हळूच घडी करून खिशात घातला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून आई उठली आणि मागे वळली.

"मागे ऐकू आलं का?"

"नाही आलं," मागून कुणीतरी म्हणालं.

राजांनी खुर्चीच्या हातांवर भार देऊन पाहिला, उठता येईना. लेक पायऱ्या चढून वर गेली, त्यांच्या कोपराखाली हात घातला आणि त्यांना उभं केलं. ते सावरेपर्यंत ती तशीच थांबली. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात.