तारेआडची विहीर

"माज्या सुनंचं पोर तुमी दिस भरायच्या दोन म्हयनं आदी भाईर काढलंत, सायेब!"

गोजाबाईने रिकामी घागर साहेबाच्या टेबलावर आदळली. पसरलेला नकाशा चुरगळला. कारकून अर्जुनराव धावत आला.

"मावशी, कचेरी आहे ही. तुमचं स्वयंपाकघर नव्हे!"

"माजं सैपाकघर कुटं ऱ्हायलंय? त्याच्या दारातबी तुमचा खुणंचा दगड रोवलाय."

साहेब कारखान्याच्या बांधकामावरचा मोठा अधिकारी. कारखाना अजून जोत्याच्या वर आला नव्हता. काटेरी तार मात्र सगळ्यांत आधी आली होती. पिंपरीच्या मळ्यांची विहीर तारेच्या आत गेली, घरं बाहेर राहिली. दाराशी पाणी दिसे. त्यात सिमेंट कालवलं जाई. बायका मात्र सडक ओलांडून, रूळ ओलांडून, अर्धा कोस पवना नदीवर जात.

गोजाबाई सुईण. अपुऱ्या दिवसांची पोरं तिने जन्मभरात क्वचित पाहिली होती. या एका वर्षात चार झाली. चारीही तारेबाहेरच्या घरांत. एकही जगलं नाही. कुणी ग्रहणाला बोल लावला, कुणी त्या बायकांच्या नशिबाला.

पाचवं तिच्याच घरात झालं. सून कुशा सातव्या महिन्यात नदीचा चढ चढत होती; भरली घागर डोक्यावर असतानाच तिला कळा सुरू झाल्या. आज नववा दिवस. ओंजळीएवढं पोर कापसात गुंडाळून आईच्या छातीशी धरलेलं. आई उठली की ते गार पडायचं. आणि ती उठल्याशिवाय घरात पाणी येत नव्हतं.

"काय हवंय तुम्हाला?" साहेबाने विचारलं. त्याचा आवाज कधी चढत नसे.

"तारंला एक दार."

"वरून मंजुरी लागते, बाई. अर्ज करा."

"करते की. मंजुरी येईस्तोवर पोर दम धरंल, तेवढं लिवून द्या."

अर्जुनराव खुदकन हसला आणि साहेबाकडे बघून गप्प झाला. साहेबाने नकाशावरची सुरकुती तळहाताने सारखी केली.

"तुम्ही सुईण ना? मग सातव्या महिन्यात तिला पाण्याला पाठवलं कुणी?"

पोटुशा बायकांच्या सासवांना गोजाबाई दारात उभी राहून झापायची, सहाव्यानंतर हंडा उचलायला लावाल तर याद राखा. स्वतःच्या घरात मात्र सून आली त्या दिवसापासून तिने घागरीला हात लावला नव्हता. सासूने पाणी भरलं तर लोक काय म्हणतील? त्या दिवशीही ती उंबऱ्यावर बसून होती. सुनेला उशीर झाला म्हणून चरफडत.

तिने पदराच्या टोकाची चुंबळ वळली. ती डोक्यावर ठेवली, वर घागर चढवली.

"मी पाठिवली," ती म्हणाली. "आजपासनं मी जाईन."

"चला मावशी," अर्जुनरावाने दार उघडलं.

ती दारापर्यंत गेली आणि वळली. साहेबाने तोवर दुसरा नकाशा उलगडला होता.

"मी माजं सांगितलं, सायेब. आता तुमी तुमचं सांगा. तार कुनी घातली?"