डाव्या चाकाचं माणूस

“सव्वातीन,” अप्पाराव मिस्त्री म्हणाले आणि माझ्या काउंटरवर नेहमीसारखी दोन बोटं वाजवली.

अफझलगंजला माझं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. माणसाचा खरेपणा मी तोंडावरून नाही, हातावरून जोखतो. आणि ही दोन बोटं चाळीस वर्षांत एकदाही खोटं बोलली नव्हती. जुन्या ट्रकचं चाक एकदा फिरलं की खालचा शाफ्ट किती वेळा फिरतो, तो आकडा अप्पारावांनी सांगायचा आणि त्या आकड्याची क्राउन-पिनियनची, म्हणजे मागच्या एक्सलमधल्या दातेरी चाकांची, जोडी मी काढून द्यायची. माल हातात आल्याशिवाय गाडीचं पोट उघडायचं नाही, हा त्यांचा रिवाज.

पण या ट्रकांत सव्वातीन नसतंच. सगळं पाचाच्या पुढं.

घोळ माझ्या लक्षात आला. मागची दोन्ही चाकं उचलून दोघांनी बरोबरीनं फिरवली, तर एक फेरा पुरतो. एकटा माणूस एकच चाक उचलतो; मग त्याला दोन फेरे द्यावे लागतात, नाहीतर आकडा निम्मा येतो. अप्पारावांना एकट्यानं मोजायची सवयच नव्हती. डाव्या चाकाला त्यांच्या पत्नी, तारामतीवहिनी असायच्या. त्यांना जाऊन दीड महिना झाला होता.

गुपचूप दुप्पट करावी, तर साडेसहा. माझ्या फळीवर एक जोडी सहा पॉइंट सतराची, दुसरी सहा-त्र्याऐंशीची. साडेसहा बरोबर अध्येमध्ये लोंबकळतं.

“लक्ष्मणकाका, काढा की लौकर,” मागून ट्रकमालक रितेश म्हणाला. “एक्सल दुसऱ्याच गाडीचा, नंबर घासलेला. कंपनीवाले म्हणले, आमच्याकडं आणा. मी म्हटलं नक्को, आमचे अप्पाकाका हैत.”

‘हैत’ म्हणताना तो माझा चेहरा वाचत होता.

“नियम बदललाय,” मी म्हणालो. “दुकानदारानं स्वतः मोजल्याशिवाय माल निघत नाही.”

“कवापासून?”

“आजपासून.”

अप्पारावांची बोटं काउंटरवरून खिशात गेली.

मुसी नदीकाठच्या त्यांच्या शेडमध्ये ट्रक एका बाजूनं कलून उभा होता. दुसरा जॅक लावता लावता त्यांचा हात थांबला.

“एकच उचललं होतं मी,” ते हळूच म्हणाले.

“असेल. मला दुकानदाराला त्यातलं काय कळतं?”

रितेशला शाफ्टवरच्या खुणेचे फेरे मोजायला खाली घातलं. डाव्या चाकाशी घडी घातलेलं गोणपाट होतं. मी त्यावर बसलो. अप्पारावांनी पाहिलं आणि ते उजव्या चाकाशी जाऊन बसले.

दहा फेरे द्यायचे होते. दहा दिले की वरचा अपूर्णांक लपत नाही. तिसऱ्यालाच पलीकडून आवाज आला, “पुढं पळू नका. ती माझ्या खोकल्यावर फिरवायची.”

मग ते प्रत्येक फेऱ्याला खोकले. मी फिरवत गेलो.

“अडुसष्ट,” खालून रितेश म्हणाला. “आणि वर थोडं.”

सहा-त्र्याऐंशी.

“हौ काका, बसवा,” कपडे झटकत रितेश म्हणाला आणि चहा सांगायला गेला. कंपनीचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

मी उठलो. अप्पारावांनी गोणपाट उचललं, झटकलं, जुन्याच घडीवर पुन्हा दुमडलं आणि होतं तिथंच ठेवलं.

“पुढच्या वेळी,” ते म्हणाले, “बसायला तुमचं काहीतरी आणा, लक्ष्मणराव.”