शंका सोडा, स्टिअरिंग सोडा!

"आली, आली! गाडी आली! सरका मागे!"

शाळेच्या मैदानावर तीळ ठेवायला जागा नव्हती. कंपाउंडच्या भिंतीवर माणसं, बास्केटबॉलच्या खांबाला लोंबकळणारी माणसं, आणि ज्यांना काहीच दिसत नव्हतं ती सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवणारी माणसं! फक्कीनं आखलेल्या दोन पांढऱ्या रेघांमधून एक चकचकीत गाडी नवरीच्या चालीनं निघाली होती. चालकाच्या जागी निश्चिंत महाराज. डोळे मिटलेले, हात जोडलेले. स्टिअरिंगला कुणाचं बोटसुद्धा लागलेलं नव्हतं. त्याच्या एका बाजूला फक्त एक जाडजूड पितळी कडं लटकत होतं.

गाडीनं पहिलं वळण घेतलं, लोक "ओऽऽ" म्हणाले. दुसरं घेतलं, लोकांनी हात जोडले. तिसऱ्या वळणाला एका काकूंनी डोळे पुसले.

"बघितलंस टकळे?" मामानं भाचीला कोपरानं ढोसलं. "पीं नाही की पां नाही. एकदम गप्प!"

टकळी नववीत होती. शाळेतली लांब उडीतली पहिली आणि बडबडीतली कायमची पहिली, म्हणून हे नाव. ती हाताची घडी घालून उभी होती.

"मामा, डोळे मिटून चालवायची तर मग एवढ्या रेघा कशाला मारल्यात?"

"मर्यादा असते गं ती. प्रत्येक गोष्टीला मर्यादा नको?"

"आमच्या फक्कीचं अख्खं पोतं संपवलं मेल्यांनी," मागून पीटीच्या बाई पुटपुटल्या. "त्याला काही मर्यादा?"

गाडी थांबली. महाराज उतरले आणि त्यांनी माइक हातात घेतला. आवाज असा की दुधात मध आणि मधात अजून थोडा मध.

"भक्तांनो, गाडी का किंचाळते? तुम्ही हात सोडलात की पीं पीं का करते? कारण तुमच्या मनात भय आहे! भयाचा वास यंत्राला येतो. हे अभय-कडं लावा. शंका सोडा, स्टिअरिंग सोडा! संसाराचा भारही आपोआप सुटेल!"

"सुटेलच," टकळी म्हणाली. "अख्खा संसारच सुटेल एखाद्या झाडावर."

पण मामा ऐकायला शेजारी होताच कुठे? तो कड्यांच्या रांगेत उभा होता.

आता मामाची गोष्ट अशी. टकळीची आई नर्स, भल्या पहाटे ड्यूटीवर जाणारी. त्यामुळे टकळी, तिची धाकटी बहीण पिटुकली आणि गल्लीतली आणखी तीन चिल्लीपिल्ली यांना शाळेत सोडायचं काम मामाचं. मामा म्हणजे लाख माणूस. कुणाचा डबा राहिला तर परत वळणारा, पिटुकलीच्या बाहुलीलाही सीटबेल्ट लावणारा. पण त्याची नवीन गाडी अर्धी आपलीआपण चालणारी होती. म्हणजे रस्त्याच्या रेघा बघून ती आपली वाट धरून राहायची, पुढची गाडी थांबली तर थांबायची. हात काढले की मात्र पीं पीं करून डोकं उठवायची. मामाला हात काढायचे असायचे, कारण मामाच्या खिशात फोन होता, आणि फोनमध्ये मॅच होती.

कडं लागलं आणि गाडी मुकी झाली. मामाला तर स्वर्ग दोन बोटं उरला. सोमवारी त्यानं गाडी चालवता चालवता बातम्या पाहिल्या. मंगळवारी दाढीचे राहिलेले केस उपटले. आणि बुधवारी, फोन मांडीवर ठेवून, दोन्ही हातांनी संत्रं सोलायला घेतलं.

"मामा, पुढे बघ ना!"

"गाडी बघतेय की. तू फोड खा."

पुढे पाइपासाठी रस्ता खणला होता. कामगारांनी नारिंगी शंकू लावून वाट डावीकडे वळवली होती, पण रस्त्यावरच्या जुन्या पांढऱ्या रेघा कुणी पुसल्या नव्हत्या. त्या आपल्या सरळ खड्ड्याकडेच जात होत्या. आणि गाडी? ती शहाण्या बाळासारखी त्या रेघांवरून निघाली. खड्ड्याकडे.

"मामाऽऽऽ! ब्रेऽऽऽक!"

टकळीचा घसा तो! मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाणारा. मामा दचकला, संत्रं काचेवर आपटलं, पाय ब्रेकवर पडला. एक शंकू बॉनेटखाली चिरडला आणि गाडी खड्ड्याच्या तोंडाशी थांबली. मागे ढिल्या सीटबेल्टमधून पिटुकलीचं कपाळ पुढच्या सीटवर आदळलं. क्षणभर कुणीच रडलं नाही. मग सगळीच रडली.

मामाचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं कड्याला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला.

"वाचवलं गं कड्यानं!"

"कड्यानं? ओरडले मी!"

"तुझ्या तोंडून कुणी ओरडवलं? कड्यानंच ना!"

टकळीनं दातओठ खाल्ले आणि मागे वळून पिटुकलीचं कपाळ चोळायला घेतलं.

संध्याकाळी आईनं पिटुकलीच्या कपाळावरचं टेंगूळ पाहिलं. बोटांनी हळूच दाबलं, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. मामानं शपथेवर सगळं कड्याच्या खात्यावर जमा केलं. तो गेल्यावर टकळी उसळली, "आई, उद्यापासून पिटुकली त्या गाडीत बसणार नाही!"

"मग कशात बसेल गं?" आई थकून म्हणाली. "मी निघते तेव्हा उजाडलेलंही नसतं. तुझा मामा नसता तर तुमच्या शाळा कधीच सुटल्या असत्या. तूच समजाव ना त्याला. तुझं ऐकतो तो."

समजावायचं! देवभोळ्याला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण टकळीनं हार मानली तर ती टकळी कसली! रात्रभर तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: पितळेच्या कड्याला असं काय येतं, की ते लावलं की गाडी गप्प बसते?

शनिवारी सरावाहून परत येताना गाडीत दोघंच होती. सरळ, मोकळा रस्ता.

"मामा, एक गंमत करू? हात स्टिअरिंगच्या अगदी जवळ ठेव, पण लावू नकोस. आणि नजर समोर!"

तिनं कडं काढून पिशवीत टाकलं. थोड्याच वेळात गाडी ओरडली: पीं पीं पीं! तिनं पिशवीतून आपले लांब उडीचे बूट काढले. दिवसभर घामात भिजलेले, वाळूनं भरलेले, ज्यांच्या वासानं घरातलं मांजर माळ्यावर पळायचं ते. नाड्यांनी बांधून तिनं ते कड्याच्या जागी लटकवले.

गाडी गप्प.

"पाहिलंस?" टकळी जवळजवळ उडीच मारणार होती, पण सीटबेल्ट होता. "गाडीला मंत्रबिंत्र काही कळत नाही! हाताचा जो हलकासा ओढा लागतो, तेवढाच तिला कळतो. आमच्या वर्गात एक मुलगी दांडी मारते आणि दुसरीच तिच्या नावानं 'हजर बाई' म्हणते ना, तसं आहे हे. गाडी विचारते, 'माणूस हजर आहे का?' आणि कडं म्हणतं, 'हजर!' खोटी हजेरी!"

मामानं समोर बघतच नाक मुरडलं.

"बूट कड्याच्या शेजारी ठेवले होतेस का गं?"

"हो, पिशवीत... का?"

"मग त्यांच्यातही उतरली असेल थोडी शक्ती."

टकळीनं कपाळावर हात मारला. इतक्या जोरात की पिटुकलीशी जोडी जमेल असं टेंगूळ यायचं.

रविवारी पुन्हा तीच गर्दी, तेच मैदान, त्याच रेघा. आज महाराज शाळेच्या सगळ्या गाड्यांच्या चालकांना कडी वाटणार होते. आणि पहिला अनुभव कोण सांगणार होतं? मामा! कडक इस्त्रीचा शर्ट घालून तो माइकसमोर उभा राहिला आणि संत्र्यापासून खड्ड्यापर्यंत सगळं सांगून म्हणाला, "माझ्या भाच्यांना कड्यानं वाचवलं. ही बघा, ही माझी भाची!"

टाळ्या कडाडल्या. महाराजांनी प्रेमानं माइक टकळीपुढे धरला. त्या मधाळ माणसानं आयुष्यात केलेली ही सगळ्यांत मोठी चूक.

"नमस्कार," टकळी म्हणाली. "मला कड्यानं नाही, माझ्या घशानं वाचवलं. आणि कडं जे करतं ते माझे बूटसुद्धा करतात. घोडामैदान जवळच आहे, महाराज. करून दाखवू?"

गर्दीत खसखस पिकली. "होऊन जाऊ दे!" कुणीतरी भिंतीवरून ओरडलं.

"कन्या अजाण आहे," महाराज हसले. "पादत्राण लटकवून कुठे सिद्धी मिळते का?"

"मैदान शाळेचं आहे महाराज," पीटीच्या बाई पुढे आल्या, "आणि फक्कीपण. मुलगी विचारतेय तर बघू की."

मामा महाराजांच्याच गाडीत चालकाच्या जागी बसला. टकळीनं त्याला ब्रेकजवळ पाय तयार ठेवायला लावला, कड्याऐवजी बूट लटकवले, आणि गाडी निघाली. पहिलं वळण. दुसरं. तिसरं. पीं नाही की पां नाही. लोक आधी गप्प झाले, मग हसू लागले, मग कुणीतरी आरोळी ठोकली, "बूट महाराज की..." आणि अख्ख्या भिंतीनं "जय!" म्हटलं.

महाराजांचा मध जरा पातळ झाला. "भक्तांनो! बूट चालले ते माझ्या सान्निध्यामुळे! या भूमीत माझी शक्ती आहे. थांबा, मी स्वतः बसतो. डोळे मिटून बसतो. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"बसा की," टकळी म्हणाली. "सीटबेल्ट लावा मात्र. आणि डोळे उघडायचे नाहीत हं!"

महाराज बसले. कडं लटकलं, डोळे मिटले, हात जुळले, ओठ पुटपुटू लागले. बाईंनी सगळ्यांना रेघांपासून लांब केलं.

आणि टकळीनं फक्कीचा डबा उचलला.

सगळ्या गावासमोर, भर उन्हात, लपवाछपवी न करता ती मैदानाच्या पलीकडच्या वळणावर गेली. जुन्या दोन रेघा तिनं पायानं फराफरा पुसल्या आणि तिथून दोन नव्या रेघा मारल्या. सरळ, सुंदर. लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्यात नेऊन सोडणाऱ्या. हजार डोळ्यांनी ते पाहिलं. फक्त दोन डोळ्यांनी पाहिलं नाही. महाराजांचा एक चेला धावत सुटला, "महाराज! अहो महाराज!" पण बाईंनी त्याच्या दंडाला धरलं. "श्शू! समाधी मोडेल ना!"

गाडी निघाली. पहिलं वळण, महाराज शांत. दुसरं, महाराजांच्या चेहऱ्यावर स्मित. मग पलीकडचं वळण आलं आणि गाडी वळलीच नाही. ती नव्या रेघांवरून तशीच, त्याच नवरीच्या चालीनं वाळूकडे निघाली.

मैदानावर चिडीचूप. इतकी शांतता, की तिनंच महाराजांना जाग आली असावी. त्यांचा एक डोळा किलकिला झाला. मग दोन्ही डोळे बटाट्याएवढे झाले.

"अगाऽऽऽईऽऽ!"

पुढची चाकं वाळूत शिरली न शिरली तोच महाराजांनी ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली. एक हिसका बसला आणि कडं उडून त्यांच्याच मांडीत पडलं. धूळ खाली बसली तेव्हा लोकांनी जे पाहिलं, ते पाहून आधी कुणी हसलंसुद्धा नाही. जगाला स्टिअरिंग सोडायला सांगणाऱ्या महाराजांनी दोन्ही हातांनी, पांढरी पडेपर्यंत बोटं आवळून, स्टिअरिंग गच्च धरलं होतं.

"बघा," टकळीनं पुन्हा माइक हातात घेतला, "संकट दिसल्यावर महाराजांनी कड्याला हात लावला नाही. ब्रेक लावला. गाडीला रेघ दिसते, पण ती रेघ कुठे जाते ते तिला कळत नाही. खणलेला खड्डा तिला कळला नव्हता, हा वाळूचाही कळला नाही. म्हणून तर ती पीं पीं करून माणसाला विचारते, 'जागा आहेस ना?' आणि आपण त्या प्रश्नाच्या गळ्यात कडं अडकवून त्याचा आवाज बंद करतो. माझ्या बहिणीच्या कपाळावर टेंगूळ आहे. ते तेवढ्यावर भागलं, कारण गाडीत कुणीतरी समोर बघत होतं. एवढंच."

मग हशा फुटला, तो कंपाउंडबाहेर ऐकू गेला. महाराजांचे चेले कड्यांची खोकी उचलून मागच्या फाटकाकडे सरकू लागले. चालकांपैकी कुणी कडं घेतलं नाही. सगळ्यांचे डोळे उघडले असं मात्र समजू नका. एक आजोबा जाता जाता म्हणालेच, "रुतली म्हणून काय झालं? बुडाली तर नाही!"

मामा गर्दी पांगेपर्यंत वाळूच्या खड्ड्यापाशी उभा होता. मग पिटुकलीजवळ आला, तिच्यापुढे उकिडवा बसला आणि टेंगळावरून अंगठा फिरवत राहिला.

"दुखतं का गं अजून?"

"नाही," पिटुकली म्हणाली. "पण तू संत्रं घरी खात जा."

सोमवारी सकाळी मामानं फोन बंद करून टकळीच्या दप्तरात टाकला. पितळी कडं घरी दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराशी बसलं. त्या कामात ते खरोखरच सिद्ध होतं. खणलेल्या रस्त्याशी मामानं दोन्ही हातांनी गाडी डावीकडे वळवली. पुढे सरळ रस्त्यावर त्याची पकड जरा ढिली झाली आणि गाडी लगेच कुरकुरली: पीं पीं.

पूर्वी मामा चिडायचा. आज त्यानं स्टिअरिंग नीट धरलं.

"आहे गं बाई," तो गाडीला म्हणाला, "जागा आहे."

यंत्राला हुशार म्हणा, त्याचं कौतुक करा, त्याची मदतही घ्या. पण कुणी डोळे मिटायला सांगितलं, की आधी दोन्ही डोळे उघडून त्याच्याकडेच बघा. आणि यंत्र जेव्हा विचारतं, 'माणूस हजर आहे का?', तेव्हा ती हजेरी कड्यानं, ताईतानं किंवा बुटानं द्यायची नसते. ती आपली आपणच द्यायची असते. मागच्या सीटवर कुणाची तरी पिटुकली बसलेली असते.