हिरवी चिठ्ठी

बाजारात बॉम्ब फुटला तेव्हा केसपेपरवाले काका इस्पितळाच्या खिडकीत पेन्सिलीला टोक करत बसले होते. तावदानं थरथरली, आणि पाव तासात दारात माणसांची रीघ लागली. आधी आले ते आपल्या पायांनी, रिक्षातून, कुणाच्या तरी स्कूटरवरून; कुणाचा हात कापलेला, कुणाच्या गालात काच. बघता बघता खाटा भरल्या. खरे जबर जखमी मागाहून रुग्णवाहिकांतून आले, तेव्हा त्यांना ठेवायला जागाच नव्हती. काकांना काही उमगेना. ज्याला जास्त लागलं तो आधी यायला नको?

मोठ्या सिस्टरनी त्यांच्या हातात दोरा ओवलेल्या रंगीत चिठ्ठ्या कोंबल्या. "मी सांगेन ती मनगटाला बांधायची. लाल आत, पिवळी दाराशी, हिरवी बाकावर. डोकं चालवू नका."

डोकं तसंही चालत नव्हतं.

तेवढ्यात मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, पाठीवर कुठल्याशा म्हातारीला घेऊन. शर्ट रक्तानं माखलेला. काका उठून त्याचा शर्ट चाचपू लागले.

"माझं नाहीये ते!" मेहुणा केवढ्यांदा तरी ओरडला.

सिस्टरनी म्हातारीला आत पाठवलं आणि त्याला पुढून-मागून पाहिलं. अंगावर ओरखडाही नव्हता. "हिरवी."

काकांनी चिठ्ठी बांधली. "ताईला कळवलंस का रे?"

मेहुणा भिंतीकडे बघत राहिला. काका वरमले. गेल्याच आठवड्यात त्याची सासू तापानं फणफणलेली असताना त्यानं केसपेपर वर सरकवायची गळ घातली होती, आणि काका म्हणाले होते, "नंबर म्हणजे नंबर." तीस वर्षांत त्यांनी घरच्या कुणाचा कागद वर ठेवला नव्हता. तेव्हापासून अबोला. पण आज, इथेही?

मागे कुणाच्या तरी हातून ट्रे पडला. खणखणाट झाला. सगळे दचकले, मेहुणा नाही.

काका जवळ गेले. तीन जिने चढून आल्यासारखी त्याची छाती हलत होती, आणि तो तर मघापासून बसूनच होता.

"सिस्टर, याला ऐकू येत नाहीये."

"आज सगळ्यांचेच कान वाजतायत, काका."

"धापही लागलीय."

"घाबरलाय तो. पुढची चिठ्ठी घ्या."

असेलही. आपल्याला काय कळतं? आपण नावं लिहिणारे. दुसऱ्या कुणाला धाप लागली असती, तर आपण पाहिली तरी असती का? की आपला म्हणून दिसतेय? आणि आपला म्हणून गप्प बसायचं, हे तरी कुठलं शहाणपण? काका दोनदा दारापर्यंत जाऊन परतले. तिसऱ्यांदा आत शिरले आणि मेहुण्याचा कागद डॉक्टरबाईंसमोरच्या गठ्ठ्यावर, सगळ्यात वर ठेवला.

"कोण हा?"

"मेहुणा."

"काका, तुम्हीसुद्धा?"

"हो. म्हणजे... मला नक्की सांगता येत नाही. पण त्याला ऐकू येत नाही, आणि बसल्या जागी धाप लागलीय."

बाईंचा हात थांबला. त्या तशाच बाहेर आल्या. मेहुण्याच्या बोटाला चिमटा लावला, ऑक्सिजनचा आकडा पाहिला, छातीला स्टेथोस्कोप लावला. "आत घ्या. ऑक्सिजन लावा, छातीचा फोटो काढा." मग काकांकडे वळून म्हणाल्या, "स्फोटाचा दाब बाहेर खूण ठेवीलच असं नाही. कानाचे पडदे फाटतात, कधी फुप्फुसालाही इजा होते. कान गेले म्हणून छाती गेलीच असं नाही, पण बघावं लागतं."

"वाचेल ना?"

"आत्ता काहीच सांगत नाही. बाकावर असे आणखी किती आहेत?"

काकांना कुठे ठाऊक? त्यांनी चिठ्ठ्या बांधल्या होत्या, माणसं पाहिली नव्हती.

स्ट्रेचर हललं. मेहुण्यानं तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि तुटक श्वासात, पण सगळा जोर लावून ओरडला, "भाऊजी! नंबर... मोडलात की!"

सिस्टरनी मास्क पुन्हा चढवला. अख्खा व्हरांडा वळून काकांकडे बघू लागला. काकांचे कान लाल झाले. हसावं की रडावं कळेना, कुठे बघावं तेही कळेना, म्हणून त्यांनी बाकाकडे पाहिलं.

तिथे तीन माणसं वळलीच नव्हती.

काकांनी खिशातून पेन्सिल काढली आणि ते त्या तिघांकडे निघाले.