शाळेच्या शर्टाचं बटण

नलू वैशाखात गेली. दिवाळीपर्यंत मी तिच्या कुठल्याच वस्तूला हात लावला नव्हता. दुःखामुळे लावला नाही असं म्हटलं तर ते बरं दिसेल, पण खरं म्हणजे मला सुचलंच नाही. माझा सगळा जन्म सेलूच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेला. कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात आहे ते अजूनही डोळे मिटून सांगेन. घरात मात्र मीठ कुठल्या डब्यात आहे हे मी रोज विचारत आलो.

धनतेरसच्या आदल्या दिवशी छाया आली. छाया म्हणजे नलूची धाकटी बहीण, पुलगावला दिलेली. ज्या घरातलं माणूस वर्षाच्या आत गेलं असेल, त्या घरात दिवाळीला कढई चढत नाही. फराळ नात्यातल्यांनी आणून द्यायचा असतो. छायानं तो इतका आणला होता की ओट्यावर जागा उरली नाही.

"भाऊजी, करंज्या पयले खाजा. चिवडा टिकते," ती म्हणाली. "आन् मांगच्या गल्लीतल्या देवकाबाईले देऊ नका सगळं. मले मालूम आहे तुमी काय करता ते."

"एकट्या माणसाला एवढं कशाला आणलंस?"

"एकटा माणूस म्हून का उपाशी राह्यते?" ती डबे पुसत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "नानकटाईचं काय करता यंदा?"

"यंदा कशी करणार? वर्ष पाळायचं आहे."

"कढई नाई चढवाची. नानकटाई कुठं कढईत होते? आन् भट्टी का आपल्या घरची आहे? बंडूजीची आहे." बोलताना ती हसत होती, पण मग तिनं पुसायचं फडकं खाली ठेवलं. "नयनची चुकाले नाई पायजे, भाऊजी. नलूबाईनं एक बी वर्स चुकवली नाई."

नयन आमचा मुलगा. एकुलता एक. तापात गेला, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली.

नानकटाईचं सांगायला हवं. दिवाळीच्या आधी आमच्या गावचे बेकरीवाले बंडूजी दोन-तीन दिवस पाव बंद ठेवतात आणि भट्टी गावासाठी मोकळी करतात. बायका घरून मैदा, पिठीसाखर, डालडा घेऊन जातात. तिथंच मळतात, गोळे करून पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडतात. चार-पाच घरांचे ट्रे एकदम भट्टीत जातात, म्हणून प्रत्येक घराची आपली निशाणी असते. कोणी वर लवंग खोचतं, कोणी काट्या-चमच्यानं रेघा ओढतं. देवकाबाई औषधाच्या बाटलीचं झाकण दाबतात. नलू बटण दाबायची. माझ्या लग्नातल्या कोटाचं, मोठं, चार भोकांचं.

तिच्याकडे बटणांचा डबा होता. कुठलाही कपडा पुसण्याला काढायच्या आधी ती त्याची बटणं कापून घ्यायची. दुपारी कधी डबा पालथा घालून बसली, की बटणं बोलायला लागायची. हे मामाच्या बंडीचं. हे आईच्या पोलक्याचं, शेवटच्या दवाखान्यातलं. हे त्या पिवळ्या स्वेटरचं, जो गिरडच्या जत्रेत हरवला आणि हातात एक बटण तेवढं राहिलं. मी समोर पुस्तक धरून ऐकत असे. पुस्तकही धड वाचून व्हायचं नाही आणि ऐकूनही.

कोटाच्या बटणाच्या त्या सगळ्या नानकटायांत एक वेगळी असायची. लहान. ती नलू बाजूला काढून ठेवायची. कोणासाठी ते मला कळत होतं, म्हणून मी विचारत नसे. तिच्यावर काय उमटवलंय हे मी कधी जवळून पाहिलं नाही. बेकरीत बायका असतात. मी डबे पोचवून बाहेरच्या बाकावर बसायचो.

"त्याच्या शाळेच्या शर्टाचं बटन दाबे ती," छाया म्हणाली. "तुमाले मालूम नाई?"

"नाही."

"काय माणूस आहे बाप्पा." तिनं रागानं म्हटलं नाही. त्यामुळे जास्त लागलं.

तिनंच डबा काढला आणि वर्तमानपत्रावर ओतला. आम्ही दोघं खाली बसलो. रंगीत बटणं बाजूला केली, पितळी केली, लाकडी केली. मग पांढरी उरली, चांगली ओंजळभर. शाळेच्या शर्टाचं बटण पांढरं असतं. मी जन्मभर पांढरे सदरे वापरले, दुसरा रंग घ्यायचा धीरच झाला नाही. प्रत्येक सदरा फाटला की त्याची बटणं या डब्यात आली होती. माझ्या बटणांत पोराचं बटण कुठंतरी होतं.

"तुला ओळखू येतं का?" मी विचारलं.

छायानं एकेक उचललं, उजेडाकडे धरलं. "नाई. तिले हातालेच समजे. डब्यात हात घाले अन् काढे." हातातलं परत ढिगात टाकून म्हणाली, "कोनतं बी घ्या, भाऊजी. त्याले का समजते?"

मला ते पटेना. कोणतंही घेतलं तर ते बहुधा माझंच निघणार. माझ्या सदऱ्याचं बटण दाबून मी माझ्यासाठीच नानकटाई करणार, आणि पोराची चुकणार. मी हे तिला सांगितलं नाही. ते बोलायला मला वेडगळ वाटलं.

संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली. तिच्या घरी सून एकटी होती. जाताना छायानं प्रमाण सांगितलं: साखर मैद्यापेक्षा थोडी कमी, डालडा हातानं फेटायचा, पांढरा होईतो. विलायची. सोडा चिमूटभर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पांढरी बटणं रुमालात बांधली आणि सामान घेऊन बेकरीत गेलो. रात्री एवढंच ठरलं होतं, की प्रत्येक पांढऱ्या बटणाची एक नानकटाई करायची. मग त्याची त्यात असेलच.

आत गेलो तशा बायकांनी पदर सावरले. देवकाबाई होत्या. त्यांचं घर वांगी-मेथी लावून बाजारात बसणारं. त्यांची नवी सून खुशी परातीत मैदा मळत होती.

"या मास्तर, बसा," देवकाबाई म्हणाल्या. मी मास्तर कधीच नव्हतो, पण गावाला ते सांगून उपयोग नाही. "आता काय काय करून राह्यले बाप्पा तुमी. आमचा बुढा पाह्यत नाई हे, नाईतं त्याले बी लावलं असतं मळाले."

"लावा ना, आत्याबाई," खुशी म्हणाली.

"लावतो. त्याच्या हातची कोन खाईन?"

हसू आलं सगळ्यांना, मलाही. मला एका कोपऱ्यात जागा मिळाली. डालडा फेटला. तो पांढरा झाला की मलाच तसा वाटला, नक्की सांगता येत नाही. सोडा टाकताना मात्र अडलो. चिमूटभर म्हणाली होती, पण बाईची चिमूट की पुरुषाची? पीठ जड वाटलं म्हणून थोडा आणखी टाकला.

गोळे करून मांडले. मग रुमाल सोडून एकेक बटण दाबायला लागलो. दाबायचं, उचलायचं, पुसून बाजूला ठेवायचं, दुसरं घ्यायचं. दाबताना प्रत्येक वेळी वाटे, हे असेल. फार जोरात दाबवत नव्हतं.

बंडूजी ट्रे न्यायला आले आणि वाकून पाहिलं. "हे काय, मास्तर? बाईची तं मोठ्या बटनाची निशाणी होती."

"यंदा हीच."

"हे तं बारीक बारीक उमटली आहे. भट्टीत राह्यन का?"

"राहील," मी म्हणालो. का म्हणालो देव जाणे. त्यांचा जन्म भट्टीसमोर गेला आणि मी त्यांना सांगतोय.

ट्रे आत गेले. मी या वेळी बाहेर बाकावर गेलो नाही. तिथंच उभा राहिलो. विलायचीचा आणि तापल्या डालड्याचा वास सुटला. बायका बोनसविषयी, मुलींच्या फ्रॉकविषयी बोलत होत्या. मला त्या वासात एकदम वाटलं की नलू माझ्या पाठीमागे आहे आणि ती मला टोकणार नाही.

बंडूजींनी लांब दांड्याच्या फावड्यानं ट्रे ओढले. लवंगांचा आला, रेघांचा आला, झाकणाचा आला. मग एक आला, त्याच्यावर काहीच नव्हतं. नानकटाया फुगून, पसरून, एकमेकींना चिकटल्या होत्या. मधोमध भेगा. एकाही बटणाचं एकही भोक नव्हतं.

"बिननिशाणीचा कोनाचा आहे?" बंडूजी ओरडले.

त्यांना माहीत होतं. तरी त्यांची पद्धतच होती, ट्रे बाहेर आला की मालकानं सांगायचं. मी त्या ट्रेमध्ये शोधत होतो. कोपऱ्यातली, कडेची, खालून जळालेली. कुठली त्याची हे आता भट्टीलाही ठाऊक नव्हतं.

"कोनाचा आहे, सांगा ना. दुसरा लावाचा आहे."

"नयनचा," मी म्हणालो.

देवकाबाईंनी हातातलं झाकण खाली ठेवलं. पण खुशी नवीन होती, समुद्रपूरकडची. तिला काय ठाऊक.

"नयन कोन, काकाजी? नातू का?"

"मुलगा."

"कुठं असते? पुन्याले?"

देवकाबाईंनी तिला कोपरानं ढोसलं. ते मला दिसलं. खुशीचा चेहरा उतरला, म्हणून मलाच बोलणं भाग पडलं.

"नऊ वर्षांचा होता," मी सांगितलं. "तापात गेला. पुष्कळ दिवस झाले आता."

बंडूजींनी ट्रे माझ्यासमोर ठेवला आणि सुरीनं चिकटलेल्या नानकटाया हळूच सोडवायला लागले. खुशीनं हात पदराला पुसले. डबा माझ्या हातून घेऊन ती त्यात खाली कागद घालू लागली.

"लय आवडत असन त्याले नानकटाई," ती खाली मान घालून म्हणाली.

मी आठवून पाहिलं. त्याच्या हातात काय काय असायचं ते आठवलं. बोरं, पतंगाचा दोरा, एकदा वाचनालयातून चोरून आणलेलं चित्रांचं पुस्तक. तो नानकटाई खातो आहे असं मला कुठंच दिसेना. त्याला आवडत होती का, की नलूच्या मनानं ते धरलं होतं, हे विचारायला आता कोणी नव्हतं.

खुशी वर बघत थांबली होती.

"हो," मी म्हणालो. "खूप आवडायची."